बेसमेंटमधला एचओ लेआउट मोडून एन स्केलमध्ये नव्याने सुरुवात करावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २४ बाय १६ फुटांचं बेसमेंट, त्यात मॉडेल रेल्वेचा एचओ मापातला (१:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतका) लेआउट बरीच वर्षं अर्धवट पडलाय. करायची होती अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया रेलरोडची डोंगरातली मेन लाइन, पण गाडी धावायला लागली की खेळण्यातलीच वाटते. पन्नाशी उलटलीय. आता सगळं मोडून त्याहून लहान एन मापात (१:१६०) पहिल्यापासून करावं का?

करा. मी पेन्सिल्व्हेनियातच राहतो, हीच लाइन करतो आणि एचओवरून एनवर येऊन मला बरीच वर्षं झाली. पण एक अट आहे. एनमुळे सुटणाऱ्या जागेत आणखी रूळ कोंबायचा विचार असेल, तर ही उठाठेव करूच नका. सुटलेली सगळी जागा वळणांना आणि गाडीच्या लांबीला द्यायची तयारी असेल तरच मोडा.

कारण गाडी खेळण्यातली दिसते ती स्केलमुळे नव्हे, वळणामुळे. एचओत सर्रास वापरतात ते २२ इंच त्रिज्येचं वळण खऱ्या मापात साधारण १६० फूट त्रिज्येचं होतं. आता तुम्हाला हवा असलेला हॉर्सशू कर्व्ह, म्हणजे त्या लाइनवरचं घोड्याच्या नालेसारखं वळण घ्या. अल्टूनाच्या पश्चिमेला, १८५४ साली वाहतुकीला खुला झालेला आणि डोंगरातल्या मेन लाइनवर अवघड म्हणून गाजलेला. त्याची त्रिज्या ६०० फुटांहून जास्त आहे! म्हणजे तुमच्या बेसमेंटमधलं वळण जगप्रसिद्ध अवघड वळणाच्या पावपट. लांब डबे त्यावर कोपरे बाहेर काढून फिरणारच.

आता एन घेतला आणि बाजारात मिळतात ते काटो कंपनीचे २८२ मिलिमीटर त्रिज्येचे तयार तुकडे जोडले, तर खऱ्या मापात त्रिज्या येते दीडशे फुटांच्या आतबाहेर. पैसे गेले, डोळे शिणले आणि गाडी होती तशीच खेळण्यातली राहिली. जुना नकाशा ५४ टक्क्यांवर झेरॉक्स काढून एनमध्ये बसवणारे बहुतेक जण इथेच फसतात.

उलट हॉर्सशू कर्व्ह खऱ्या प्रमाणात करायचा म्हटला, तर एचओत त्रिज्या ७ फूट, म्हणजे व्यास १४ फूट. तुमच्या १६ फुटांच्या भिंतीत तो जेमतेम मावेल आणि दुसऱ्या कशाला जागाच उरणार नाही. एनमध्ये त्याच वळणाचा व्यास साडेसात फुटांच्या आसपास येतो. नालेचं तोंड तुमच्याकडे करा, मधल्या पोकळीत उभं राहायला जागा ठेवा, म्हणजे गाडी तुमच्या तिन्ही बाजूंनी फिरेल. एनमध्ये नव्याने सुरुवात करायला माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे. पट्टीवर मोजून वळण काढण्यापेक्षा लवचीक रूळ घ्या, लाकडाच्या लांब पट्टीने रेषा आखा आणि सरळ रुळातून वळणात शिरताना थोडं थोडं वळत जाऊ द्या. डोळ्याला फरक लगेच कळतो.

लांबीचंही तसंच. ४० फुटी बॉक्सकारची (बंद मालडब्यांची) ५० डब्यांची मालगाडी एचओत २५ फूट होते, तुमच्या खोलीपेक्षा लांब. तीच एनमध्ये १४ फुटांत बसते. इंजिन वळणाच्या एका हातावर आणि शेवटचा कबूस डबा समोरच्या हातावर, हे दृश्य एचओत घरच्या घरी जवळपास अशक्य आहे.

आणि मग मागून ढकलणारं इंजिन लावायला मजा येते. आपल्यातल्या ज्यांनी कर्जतला गाडीच्या शेपटीला बँकर लागताना पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. भोर घाट १८६३ चा, ३७ ला १ चढ, म्हणजे २.७ टक्के. हॉर्सशूचा चढ पावणेदोन टक्क्यांच्या थोडा वर, पण गाड्या भलत्याच जड, म्हणून अल्टूनाहून आजही जादा इंजिनं लागतात. (भोर घाट एनमध्ये करायचा विचार माझ्याही मनात येऊन गेला. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, १:१६० मध्ये रूळ साडेदहा मिलिमीटर हवेत आणि एनचे असतात ९. शिवाय सगळे डबे हाताने बनवावे लागतील. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय आहे, ते पाहून या, पुरे.)

लेआउटवर बँकर चालवताना एक गोष्ट हातात येते. मागचं इंजिन पुढच्यापेक्षा किंचित जोरात असलं की मधले डबे वळणाच्या बाहेरच्या बाजूला उचलले जातात आणि पुढचं जोरात असलं की तेच डबे आतल्या बाजूला लोळतात. डीसीसीमध्ये (रुळांतून डिजिटल संदेश पाठवून इंजिनं चालवण्याच्या पद्धतीत) दोन्ही इंजिनांचा वेग डीकोडरच्या, म्हणजे इंजिनात बसवलेल्या संदेश वाचणाऱ्या सर्किटच्या, सेटिंगवर जुळवून घ्यावा लागतो. आणि डब्यांचं वजन बघा. एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या अमेरिकन संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओत १ औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस, म्हणून साडेपाच इंची बॉक्सकार शंभर ग्रॅमच्या वर जाते. एनमध्ये अर्धा औंस अधिक दर इंचाला ०.१५ औंस, म्हणजे तीन इंची डबा जेमतेम २७ ग्रॅमचा. बरेच डबे कारखान्यातून त्याहूनही हलके येतात. प्रत्येक डबा छोट्या वजनकाट्यावर ठेवून, आत शिशाचा पत्रा चिकटवून वजन पुरं करायचं, हे काम कंटाळवाणं आहे. तरी मी ते गाडी रुळावर ठेवण्याआधीच करतो. घसरणाऱ्या डब्याचा दोष लोक उगीच रुळांना देतात.

दोन मजली लेआउट मनात असेल तर थांबा. हेलिक्स, म्हणजे एका मजल्यावरून दुसऱ्यावर गोल गोल चढत जाणारा रूळ, एनमध्ये लहान होतो असं सगळे सांगतात, ते निम्मं खरं आहे. जमिनीवर तो कमी जागा घेतो. पण दोन मजल्यांमधलं अंतर तुमच्या हाताच्या आणि नजरेच्या सोयीने ठरतं, आणि ते काही स्केलप्रमाणे कमी होत नाही. १६ इंच चढायचं आणि चढ २ टक्के ठेवायचा तर ८०० इंच, म्हणजे ६६ फुटांहून जास्त रूळ लागतो. एचओत तितकाच, एनमध्ये तितकाच. ताशी ३० मैलांच्या स्केल वेगाने एचओची गाडी तेवढं अंतर दोन मिनिटांत जाते, एनची चार मिनिटं घेते. चार मिनिटं गाडी दिसतच नाही. तुमच्या बेसमेंटमध्ये एनला एकच मजला भरपूर होतो. माझा सल्ला विचाराल तर हेलिक्सच्या भानगडीत पडू नका.

जुन्यातलं काय वापरता येईल? लाकडी सांगाडा बराचसा. डीसीसीची कमांड स्टेशन, थ्रॉटल, लेआउटखालून वीज नेणारी जाड बसवायर, सगळं. मात्र रुळावरचा व्होल्टेज एनसाठी कमी करून घ्या, रुळाला वीज पुरवणाऱ्या बऱ्याच बूस्टरांवर त्यासाठी बटणच असतं. डीकोडर इंजिनांत मावणार नाहीत. इमारती गेल्या. झाडं ठेवा! एचओची झाडं एनमध्ये उंच दिसतात आणि तीच खरी वाटतात, कारण लेआउटवर झाडं नेहमीच बुटकी लावलेली असतात. प्लास्टरचे खडकही चालतात.

रुळांमध्ये कोड ५५ घ्या, म्हणजे ०.०५५ इंच उंचीचा रूळ. कोड ८० एनमध्ये डोळ्यांत खुपतो. पेको कंपनीचा कोड ५५ म्हणजे खरं तर उंचच रूळ, पण स्लीपरांत रुतवलेला. त्यामुळे तो मजबूत असतो आणि मोठ्या कडांची जुनी चाकंही त्यावर धावतात. अॅटलास कंपनीचा दिसायला अमेरिकन रुळांच्या जवळचा, पण जुनी चाकं त्याच्या खिळ्यांवर खडखडतात, बदलून घ्यावी लागतात. जुने डबे फारसे घेणार नसाल तर अॅटलास. आणि बसवायरपासून रुळाला जोडणाऱ्या फीडर वायरी हात आखडता न घेता लावा. एनचं इंजिन हलकं असतं, रुळावर जरा धूळ बसली की सांध्यावर अडतं.

हे सगळं पटलं तरी मोडायच्या आधी एक करून बघा. एक डिझेल इंजिन, मालगाडीचे वीसेक डबे आणि तयार रुळांचं एक कडं आणा. जीपी९ किंवा एफ७ सहज मिळतात. वाफेची इंजिनं एनमध्ये निवडकच आहेत, म्हणून तुम्हाला हवं ते निघतं का, हे आधी पाहून घ्या. ते कडं आत्ताच्या लेआउटच्या मोकळ्या टेबलावर मांडा आणि रात्री जेवणानंतर, तुम्ही नेहमी बसता त्या वेळी, त्याच दिव्यात, त्याच चष्म्यात चालवा. घसरलेला डबा बोटांनी पुन्हा रुळावर ठेवताना, कपलर सोडवताना, डब्यावरचा नंबर वाचताना वैताग येतो का बघा. पन्नाशीनंतर हा प्रश्न गौण नाही. डोक्यावरचं भिंग लावून काम करायला मला आवडतं, पण माझ्या एका मित्राला ते अजिबात जमलं नाही. तो एचओतच राहिला, वळणं मोठी करून डबे निम्मे केले आणि तोही खूश आहे. तुम्हाला शंटिंग जास्त आवडत असेल, यार्डात एकेक डबा इकडचा तिकडे करण्यात रात्र जात असेल, तर मीही तुम्हाला एचओच सांगेन. एन आहे तो डोंगर, लांब गाडी आणि मोठं वळण ज्यांना हवं त्यांच्यासाठी.

विकायचं म्हणाल तर आख्खा लेआउट कुणी घेत नाही, उचलून नेणारा मिळाला तरी नशीब. इंजिनं आणि डबे मूळ खोक्यांसकट सुटे विका. जानेवारीअखेरीस मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्ट स्प्रिंगफील्डला मोठं रेल्वे प्रदर्शन भरतं, तिथे एचओला गिऱ्हाईक भरपूर असतं आणि एनचा जुना मालही तिथेच मिळतो. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे आणि त्यांच्या मोटरी मात्र रूळ उपटायच्या आधी पाणी मारून, खडीचा गोंद भिजू देऊन काढा, नाहीतर स्लीपर मोडतात आणि मग त्यांना कुणी विचारत नाही.