लाहोरची बादशाही मशीद कोणी बांधली? तिच्यात विशेष काय?

औरंगजेबाने. काम १६७१ ला सुरू झालं आणि १६७३ मध्ये पूर्णही झालं, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या आदल्याच वर्षी. देखरेख बादशहाचा दूधभाऊ फिदाई खान कोका याची.

घडण दिल्लीच्या जामा मशिदीच्या वळणाची: लाल दगड, वर पांढऱ्या संगमरवराचे तीन घुमट. पण घुमट बघून मागे फिरू नका! भिंतीजवळ जा. लाल दगडात खाचा पाडून संगमरवराच्या वेलबुट्ट्या बसवल्या आहेत, आणि आत चुन्याच्या गिलाव्यात उठावाची रंगीत फुलं आहेत. मला तीच जास्त आवडतात.

रणजितसिंहांच्या काळात इथल्या अंगणात घोडे बांधले जात, दारूगोळाही ठेवत. पडझड झालेल्या वास्तूची मोठी दुरुस्ती १९३९ ते १९६० अशी चालली.