वाचकांचे प्रश्न : नवरा-बायकोचं भांडण आणि समुपदेशकाची खोली

प्रश्न : लग्नाला 9 वर्षं झाली. आमच्या भांडणावर घरच्यांनी दोनदा बैठक बसवली. मामाजी, माझा मोठा भाऊ आणि गावातले दोघं होते. दोन्ही वेळा 'तूच समजून घे' म्हणून मला परत पाठवलं. आता आशाताई म्हणतात, वर्ध्याला नवरा-बायकोला एकत्र बसवून बोलतात. तिथं काय करतात? चूक कोणाची ते सांगतात का? (ता. देवळी, जि. वर्धा)

उत्तर : सांगत नाहीत. बैठकीत निवाडा होतो आणि कोणीतरी पड खाऊन घरी जातं. समुपदेशक निवाडा देत नाही, म्हणून पहिल्या दिवशी पुष्कळ जण हिरमुसून बाहेर पडतात. त्याला बघायचं असतं ते भांडण सुरू कुठून होतं आणि फिरून पुन्हा तिथंच कसं येतं, ते.

पहिली भेट तास-दीड तासाची धरा. लग्न कसं जुळलं, घरात कोण कोण, मुलं, आजार, कर्ज, दारू, खर्रा, मारहाण असं सगळं विचारतात. मारहाणीचं शक्यतो एकेकट्यालाच विचारतात. पुष्कळदा कागदावर घरच्या तीन पिढ्यांचा नकाशा काढतात : पुरुषाला चौकोन, बाईला गोल, तेढ असेल तिथं नागमोडी रेघ. शेताच्या वाटणीपासून कोण कोणाशी बोलत नाही, हे त्या कागदावर लगेच दिसतं. मग एखादी भेट दोघांची वेगवेगळी होते. तिच्या आधीच विचारून ठेवा, 'मी एकट्यात सांगितलं ते ह्यांना कळेल का?' काही समुपदेशक ते पोटात ठेवतात, काही 'जोडीपासून काही लपवणार नाही' असा नियम आधीच सांगतात.

खरं काम यानंतरचं. समजा, अडत्याकडून सोयाबीनचे पैसे आले. बायको विचारते, 'किती आले?' नवऱ्याला वाटतं, ही हिशेब मागते. तो गप्प होतो, तिचा आवाज चढतो, तो पारावर जाऊन बसतो, रात्री ताट झाकलेलंच राहतं. समुपदेशक ही गोष्ट 'किती आले' याच शब्दांवर थांबवतो आणि तिला विचारतो, तेव्हा मनात काय होतं? ती म्हणते, सोमवारी बचत गटाचा हप्ता होता. हे तिनं घरी कधी बोलूनच दाखवलं नव्हतं. त्याला विचारलं तर कळतं, अर्धे पैसे सोसायटीच्या कर्जात गेले होते आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती. दोघंही पैशावर भांडत होते, पण एकाच्या पोटात भीती होती आणि दुसऱ्याच्या पोटात लाज.

पुढं सराव करून घेतात. एकानं दोन मिनिटं बोलायचं. दुसऱ्यानं उत्तर न देता, ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि विचारायचं, 'बरोबर ऐकलं का?' सोपं वाटतं, पण बहुतेक जण तिसऱ्या वाक्याला 'पण' लावतात किंवा नक्कल करतात आणि भांडण पुन्हा पेटतं. म्हणून सुरुवात कर्जापासून किंवा माहेरापासून करत नाहीत, छोट्या गोष्टीपासून करतात. घरी करायलाही काम देतात, म्हणजे रोज जेवणानंतर 15 मिनिटं, मोबाईल बाजूला, शेत आणि पैसा सोडून गप्पा. भांडण तापलं तर निदान 20 मिनिटं वेगळं व्हायचं, कारण अंगातली धडधड त्याआधी उतरत नाही. मात्र 'अर्ध्या तासानं परत येतो' असं सांगून जायचं. न सांगता गेला की तेच जुनं पारावर जाणं झालं.

तिसऱ्या-चौथ्या भेटीला भांडणं वाढल्यासारखी वाटतात, कारण झाकलेलं उघडं होतं. लोक नेमके इथंच सोडून देतात.

प्रश्न : ह्यांना म्हटलं तर म्हणतात, 'मी काय येडा आहे काय?' एकटी गेले तर उपयोग होईल का? (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : होतो. दोघांच्या फुगडीत एकीनं पाऊल बदललं की दुसऱ्याला तसंच फिरता येत नाही. 'तुम्हाला दाखवायचं आहे' असं मात्र म्हणू नका. 'मला नीट बोलता येत नाही, एकदा सोबत या' म्हणा, आणि एकाच भेटीपुरतं म्हणा. पेरणीत किंवा कापूस वेचणीत विषय काढाल तर नकारच येईल. बीपी तपासायचं निमित्त करून नेऊ नका. फसवून आणलेला माणूस तिथं बसतो, पण पुन्हा येत नाही.

प्रश्न : आई आणि बायको यांच्यात मी पिसला जातो. आईलाही न्यावं का? (ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : आधी एक-दोन भेटी तुम्ही दोघंच करा. नंतर आईला एक-दोनदा बोलावतील. आल्याबरोबर कोण कोणाजवळ बसलं, इकडे समुपदेशकाचं लक्ष असतं. तुम्ही दोघींच्या मध्ये बसलात तर तो तुमची खुर्ची हलवू शकतो, राग मानू नका. आईनं सुनेला विचारलं आणि उत्तर तुम्ही दिलंत, तर तो तुम्हालाच थांबवेल. घरी तुम्ही निरोप्या झालात आणि दोघी एकमेकींशी बोलतच नाहीत, हे त्याला तिथं दिसतं. मग ठरवायच्या गोष्टी अगदी बारीक असतात : किराणा कोणी आणायचा, पोराची शाळा कोणी ठरवायची, कापसाचे पैसे कोणाजवळ ठेवायचे. 'सगळ्यांनी प्रेमानं राहा' एवढ्यावर बोळवण करणारा समुपदेशक असेल तर दुसरा शोधा.

आई 75 च्या वर असेल तर एसटीत तिला तिकीट लागत नाही आणि बायकोला अर्धं लागतं. त्यामुळे तिघांचं जाणं वाटतं तितकं महाग नाही.

प्रश्न : नवरा रोज पितो आणि मारतो. दोघांनी मिळून जावं का? (ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : मारहाण चालू असताना जोडीनं बसू नका. त्या खोलीत खरं बोललात तर त्याचा वचपा घरी निघतो. आधी तुम्ही सुरक्षित व्हा : 181 ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला 112, शिवाय जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी. याच कायद्याच्या 2006 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की समुपदेशनात मारणाऱ्याला मारहाणीचं समर्थन करू द्यायचं नाही. 'तिनंच डिवचलं' हे तिथं चालत नाही.

दारूचा उपचार वेगळा. रोज भरपूर पिणाऱ्यानं शपथ घेऊन एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो आणि जीवावरही बेतू शकतं. सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

प्रश्न : कुठं जायचं, किती वेळा, आणि गावात बोभाटा होईल का? (ता. वरुड, जि. अमरावती)

उत्तर : आधी 14416 ला फोन करा. ही टेलिमानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही. फोनवर पूर्ण उपचार होत नाही, पण जवळ कुठं जायचं ते सांगतात. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. त्यांची माणसं तालुक्याला येतात का आणि कोणत्या दिवशी, हे ग्रामीण रुग्णालयात विचारा. वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) इथली वैद्यकीय महाविद्यालयं जवळ पडतात, नागपूरकडच्यांना मेडिकल किंवा एम्स.

साधारण 8 ते 20 भेटी, सुरुवातीला आठवड्याला किंवा पंधरवड्याला. एवढं जाणं जमत नसेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा. महिन्यातून एकदा लांब भेट आणि मधे फोन, असंही करता येतं. 'समुपदेशक' अशी पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, त्यात संकोच नको.

गुप्ततेची हमी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. कोणाच्या जीवाला धोका असेल, न्यायालयानं मागितलं किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली, तर मात्र समुपदेशकाला गप्प बसता येत नाही. तरीही ओळखीचं कोणी भेटेल अशी धास्ती वाटत असेल, तर बाजाराचा दिवस सोडून जा.