प्रोसिजरची भाषा आणि मानक: वाचकांचे प्रश्न

स्टोअर्ड प्रोसिजरच्या (डेटाबेसमध्येच साठवून तिथेच चालणाऱ्या कोडच्या) भाषेला मानक आहे का? असेल तर प्रत्येक डेटाबेसची भाषा वेगळी कशी?

आहे. एसक्यूएल/पीएसएम, म्हणजे आयएसओ ९०७५चा चौथा भाग. पण तो आला १९९६ मध्ये. ओरॅकल ७ मध्ये स्टोअर्ड प्रोसिजर १९९२ लाच आल्या होत्या आणि सायबेस डेटाबेसची प्रोसिजरची भाषा टी-एसक्यूएल त्याहून जुनी. चालू कोड मोडून मानकाकडे कोण वळणार? डीबी२ आणि पुढे मायएसक्यूएल ५.० यांनी मात्र पीएसएमचीच वाट धरली.

ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जातोय. पोस्टग्रेसची प्रोसिजरची भाषा पीएल/पीजीएसक्यूएल अगदी ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलसारखी दिसते. मग धोका कुठे?

नेमका त्या सारखेपणात. एका ब्लॉकमध्ये तीन इन्सर्ट आहेत, तिसरा फसला आणि एक्सेप्शनने (एरर हाताळणाऱ्या भागाने) तो पकडला असं धरा. ओरॅकलमध्ये पहिल्या दोन ओळी तशाच राहतात, पुढे कमिट (कायम) करता येतात. पोस्टग्रेसमध्ये मात्र ब्लॉकच्या सुरुवातीपर्यंतचं सगळं रोलबॅक होतं, म्हणजे रद्द होतं. एररही दिसत नाही, कारण ती तुम्हीच पकडलेली असते!

मानकात या दोन्ही वागणुकींना वेगवेगळे हँडलर (एरर आल्यावर चालणारे भाग) आहेत: आधीचं काम तसंच ठेवणारा एक्झिट आणि ते रद्द करणारा अनडू. वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो. मला मानकाची ही बाजू फार मोलाची वाटते.

सिलेक्ट इंटूही (क्वेरीचं उत्तर व्हेरिएबलमध्ये भरणारी आज्ञा) तपासा. एकही ओळ सापडली नाही तर ओरॅकल एक्सेप्शन फेकतं; पोस्टग्रेस व्हेरिएबलमध्ये नल (रिकामी किंमत) भरून पुढे जातं. एकाहून जास्त ओळी आल्या तर पहिली उचलतं. इंटूपुढे स्ट्रिक्ट हा शब्द लिहिलात तरच अडवतं. माझा आग्रह आहे, कोड ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर नेताना प्रत्येक ठिकाणी स्ट्रिक्ट लिहाच.

मायएसक्यूएलमधली प्रोसिजर डीबी२वर जशीच्या तशी चालेल?

इफ, लूप, कर्सर, हँडलर बरेचसे जुळतील. डायनॅमिक एसक्यूएल (चालतानाच मजकूर जोडून बनवलेली क्वेरी) अडेल: ती तयार करणाऱ्या मायएसक्यूएलच्या प्रिपेअरला लोकल व्हेरिएबल चालत नाही, ॲट चिन्हाचं यूझर व्हेरिएबल लागतं. उलट दिशेने जाताना अनडू हँडलर वापरला असेल तर तो भाग नव्याने लिहावा लागेल, मायएसक्यूएलमध्ये तो नाहीच.

पोस्टग्रेस १४ मधली बिगिन ॲटॉमिक ही कोड लिहिण्याची नवी रचना म्हणजे पीएसएम आलं का?

नाही. ते फक्त एसक्यूएल भाषेतल्या फंक्शन-प्रोसिजरसाठी आहे. त्यात इफ नाही, लूप नाही. तरी वापरा. कोड तयार करतानाच पार्स होतो (वाचून तपासला जातो), त्यामुळे आत वापरलेलं टेबल कुणी ड्रॉप करायला गेलं तर डेटाबेस तिथेच अडवतो.