डायलिसिसचा वार

प्रिय,

परवा पोवई नाक्यावर चहा निवत ठेवून तू विचारलंस, "काका, एकवीस किलोमीटर जमतील?" जमतील. पण तुझा प्रश्न तो नव्हताच. सोमवार, बुधवार, शुक्रवार वडिलांचं डायलिसिस, दर खेपेला चार तास. मग त्यांच्याच नावानं देणग्या गोळा करत पळायचं तर सराव करायचा कधी, हे तुझ्या तोंडून निघत नव्हतं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. डायलिसिसच्या दिवशी बूट घालायचे नाहीत. बास.

थोरल्या भावाच्या किडन्या गेल्या तेव्हा मीही देणग्या गोळा करत साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळालो. ते चार महिने दादाला रिक्षानं न्यायचं-आणायचं काम वहिनीकडं. एकदा डायलिसिसनंतर बीपी उतरलं आणि तो घराच्या जिन्यातच बसला. मी तेव्हा अजिंक्यतारा चढत होतो, फोन घरी. आता मी शेजारी बसून त्याच्या किडन्या थोड्याच सुधारणार होत्या? जमलेल्या पैशातून चार गरिबांची डायलिसिसची सोय झाली, ते काय खोटं आहे? नाही ना? मग. पण दादानं एकदा विचारलं होतं, "आज पण घाट का?" तो 'पण' अजून ऐकू येतो.

शर्यत संपल्यावर तिथं मिळालेली केळी मी कौतुकानं त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती मुकाट्यानं वहिनीकडं दिली. केळ्यात पोटॅशियम, त्याला ते वर्ज्य. चार महिने त्याच्या नावानं पळणाऱ्याला एवढं ठाऊक नव्हतं! तुझ्या वडिलांना दिवसाला किती पाणी चालतं, सांग बघू. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेली शीर, कुठल्या हाताला आहे? त्या हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही, हे तरी माहीत आहे? नसेल तर बुधवारी जाऊन बस, कळेल. म्हणून म्हणतो, डायलिसिसच्या दिवशी बूट नाहीत. वीस मिनिटंसुद्धा नाहीत, लेका.

पळण्याचं थोडक्यात. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागला तर चाल, लाजू नकोस. गुडघ्यांची वाट लागते ती उतरताना. पण पेनकिलर खाऊन पळायचं नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीवरच उठतात. तुझं स्वतःचं बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घे, घरात आजार आहे. देणग्या ट्रस्टच्या खात्यात थेट जाऊ देत, तुझ्या नको. 2,000 रुपयांवर रोख दिली तर देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांग.

आणि टी-शर्टवर वडिलांचा फोटो छापायचा म्हणालास, त्यांना विचारलंस का?

शनिवारी पहाटे साडेपाचला 'चार भिंती' स्मारकापाशी ये, मी असेन. शुक्रवारी फोन करू नकोस, उचलणार नाही.

तुझा,
काका