देव सगळीकडे आहे तर मग काठीला हळद कशाला? माझं उत्तर

तुमचा प्रश्न वाचला. नोकरीसाठी सोलापुरात आलात, जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा बघितली, लाखो लोक एका उंच काठीचं लग्न लावतात, तिच्यावर अक्षता टाकतात, दगडाच्या लिंगांना तेल लावतात, आणि हेच लोक म्हणतात देव चराचरात आहे. मग हे कशासाठी? आणि तुम्ही स्वतः घरी पूजेला बसलात की नाटक केल्यासारखं वाटतं, त्याचं काय करायचं, असंही विचारलंय.

मी जन्मापासून सोलापूरचा. वडील तरुणपणी नंदीध्वजाचे सेवेकरी होते, त्यामुळे तुम्ही जिला काठी म्हणताय ती मी लहानपणापासून जवळून बघितलीय.

आधी त्या लग्नाची गोष्ट सांगतो, कारण अर्धं उत्तर तिच्यातच आहे. बाराव्या शतकात, सोलापूरला सोन्नलगी म्हणायचे तेव्हा, शिवयोगी सिद्धरामेश्वर इथे होऊन गेले. एक कुंभाराची मुलगी रोज त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करायची. तिचं मन त्यांच्यावर जडलं आणि लग्न करीन तर यांच्याशीच म्हणाली. ते योगी, संसार करणारे नव्हेत. पण त्यांनी तिला हाकललं नाही, माझ्या योगदंडाशी लग्न कर म्हणाले. तो योगदंड म्हणजे आजचे नंदीध्वज. आता बघा, दंड म्हणजे काय, योग्याची साधना, त्याचं व्रत, तो ज्याच्या आधारावर उभा आहे ते. ‘मी तुझा होऊ शकत नाही, पण मी ज्याचा आहे त्याची तू हो’, असा मला त्या गोष्टीचा अर्थ लागलाय. पुढे ती अग्नीत गेली असं कथा सांगते आणि तो भाग मला दरवर्षी जड जातो, तो गोड करून सांगायला मला जमत नाही. पण एका कुंभाराच्या पोरीच्या प्रेमाला अख्खं गाव आठशे वर्षं नवरीचा मान देतंय, ही साधी गोष्ट नाही.

आणि लग्न म्हणजे आपल्या घरात लागतं तसंच सगळं साग्रसंगीत. भोगीच्या आदल्या दिवशी यण्णीमज्जन. कन्नडमध्ये यण्णी म्हणजे तेल आणि मज्जन म्हणजे स्नान. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांना त्या दिवशी तैलाभिषेक होतो, सातही नंदीध्वज मिरवत नेतात, दिवसभर पायपीट. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम. सात नंदीध्वजांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे, संमतीचं, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टकांचं, वाचन कन्नडमध्ये, बघणाऱ्यांत मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सगळे, आणि त्यात ‘दिड्डम’ म्हटलं की अक्षता टाकायला सगळ्यांचे हात एकदम वर जातात. आमच्या घरी त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी करून ठेवायची, पण अक्षता पडल्याशिवाय आई जेवायची नाही. घरातल्या लग्नात यजमान जेवतो का आधी, असं म्हणायची.

आता काठीला हळद का. वडील सांगायचे, नंदीध्वज उचलला की तोल आधी पोटात सांभाळावा लागतो, मग हातात. बाराबंदी घातलेली, पाय अनवाणी, नजर वर आणि एवढं मोठं वजन एका माणसाच्या अंगावर. त्या वेळी हप्ता आठवत नाही, भावकीतलं भांडण आठवत नाही, दुसरीकडे मन गेलं तर काठी गेली. वडील फार शिकलेले नव्हते, ध्यान हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, पण त्यांनी जे सांगितलं ते ध्यानच होतं. देव सगळीकडे आहे हे खरं, पण माझं मन सगळीकडे एका वेळी जाऊ शकत नाही ना! त्याला एक जागा लागते. मूर्ती ही माझं लक्ष आणि माझी माया टेकवायची जागा आहे, देव तेवढ्यातच बसलाय असं कोणी म्हणत नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात सरळ म्हटलंय, अव्यक्तावर मन लावणाऱ्याला कष्ट जास्त, कारण आपण देहवाले आहोत.

तुम्हाला पडलेला प्रश्न या गावाला नवीन नाही बरं का. सिद्धरामेश्वर देवळं आणि तळं बांधण्यात रमले होते तेव्हा अल्लमप्रभू हे शिवशरण संत आले आणि कुठंय तो तुमचा ओड्डर सिद्धराम, असं विचारलं अशी कथा आहे. ओड्डर म्हणजे दगडमाती खोदणारा. लोक चिडले, दगड मारायला धावले. पण सिद्धरामेश्वरांना कळलं की बाहेर बांधतोय ते आतही बांधायला पाहिजे, ते अल्लमप्रभूंबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला (आजचं बसवकल्याण) गेले, तिथे त्यांना इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर बाळगायच्या छोट्या लिंगाची, दीक्षा मिळाली. आमच्या शेजारच्या लिंगायत आजी सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायच्या, नजर त्याच्यावर, मागे नळावर बादल्यांची भांडणं चाललेली असली तरी पापणी हलायची नाही. म्हणजे मूर्ती नको म्हणणाऱ्या या परंपरेनंसुद्धा तळहाताएवढी जागा ठेवलीच. आणि तळंही राहिलं, आजही देऊळ त्या पाण्यातच उभं आहे. मला दोन्ही खरं वाटतं.

नैवेद्य देव खातो का, असंही विचारलंय तुम्ही. पूजेचे सोळा उपचार एकदा क्रमाने बघा. आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, जानवं, मग गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, शेवटी विडा, प्रदक्षिणा, नमस्कार. अहो हे तर घरी पाहुणा आल्यावर आपण करतो तेच! या, बसा, पाय धुवा, जेवा, पान खा. देवाला भूक नाही, सवय मला लागते, ताटातलं पहिलं माझं नाही ही. आणि गणपतीत बघा, आधी प्राणप्रतिष्ठा करायची आणि शेवटी उत्तरपूजा करून निरोप द्यायचा, मातीची मूर्ती परत पाण्यात. मातीलाच देव समजत असतो तर बुडवली असती का?

रूपालाही अर्थ असतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, गेलाच असाल. विठोबाच्या हातात शस्त्र नाही, हात कमरेवर. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या पांडुरंगाष्टकात याचा अर्थ दिलाय, की माझ्या माणसांसाठी हा भवसागर एवढाच, कमरेइतका. बाराव्या वर्षी वडिलांनी मला हे रांगेत उभं राहून सांगितलं आणि तेव्हापासून ती मूर्ती मला कधी नुसता दगड दिसलीच नाही.

राहिलं नाटक वाटण्याचं, तर ते मलाही वाटायचं. आई गेली आणि देवघर माझ्याकडे आलं. खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, पिंड आणि अंगठ्याएवढा रांगणारा बाळकृष्ण. मला श्रद्धा वगैरे काही नव्हती, फक्त आईचं बंद पडू नये म्हणून करायचो, ताम्हणात ठेव, पाणी घाल, पूस, गंध लाव, पाच मिनिटांत उरकायचो आणि ड्युटीला पळायचो. मनात काही नाही, एकदम कोरडं. तीन-चार महिने असंच गेलं. मग मार्गशीर्षातली एक सकाळ, चांगली थंडी, मी पितळी तांब्यातलं रात्रीचं पाणी बाळकृष्णावर ओतायला गेलो आणि हाताला गार लागलं म्हणून थांबलो. उठलो, गॅसवर पाणी कोमट केलं, बोट बुडवून बघितलं आणि मग घातलं. पितळेला थंडी वाजत नाही हे मला चांगलं कळतं. पण बायको स्वयंपाकघरात उभी होती, ती म्हणाली, आईपण असंच करायच्या. मला माहितीच नव्हतं.

तर लगेच भाव आला पाहिजे असं धरून बसू नका. रोज एक तांब्या पाणी आणि एक फूल एवढंच ठेवा, मंत्र येत नसतील तर नाव घ्या. आणि पुढच्या भोगीला अक्षतेला याच, दुपारी गर्दी फार होते तेव्हा जरा लवकर निघा आणि मूठभर तांदूळ घरूनच घेऊन या.