शीर दोरीसारखी कडक झालीये, कोणतं मलम लावू?

तू लिहिलंयस की पेशंटला चार दिवसांपासून एकाच कॅन्युलातून, म्हणजे शिरेत बसवलेल्या प्लास्टिकच्या नळीतून, अँटिबायोटिक चालू आहे, आता कॅन्युलाच्या वर लाल रेघ आलीये, शीर दोरीसारखी हाताला लागते, पेशंट हात लावू देत नाही, आणि संध्याकाळचा एकच डोस राहिलाय तर तो देऊन मग काढू का आणि कुठलं मलम लावू. मलमाचं नंतर बघू, आधी कॅन्युला काढ. आत्ताच, डोसच्या आधी. शेवटचा डोस त्या शिरेतून द्यायचा नाही म्हणजे नाही.

हे इतकं ठासून सांगते कारण मी नवीन असताना नेमकं हेच केलं होतं. रात्रपाळी होती, आजींच्या शिरा मिळतच नव्हत्या, म्हटलं एवढा एक डोस जाऊ दे, सकाळी बदलू. सकाळपर्यंत कोपरापर्यंत लाल झालं होतं आणि ती शीर पुढे कित्येक आठवडे कडक राहिली. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त हात उशीखाली लपवून ठेवायच्या, ते मला अजून दिसतं.

हे फ्लेबायटिस, म्हणजे शिरेची सूज, आणि ती किती आहे ते मोजायला तुमच्याकडे व्हीआयपी स्कोअरचा तक्ता असेल तर बघ. शून्य ते पाच असतो. सुईच्या जागी नुसतं थोडं दुखतंय किंवा थोडं लाल आहे तर एक, तेव्हा लक्ष ठेवायचं. दुखणं, लाली, सूज यातलं दोन दिसलं की दोन, आणि दोनलाच कॅन्युला बदलायची असते. तू सांगतेस ती दोरीसारखी शीर म्हणजे चार. त्यावर ताप आला तर पाच.

काढल्यावर आधी जागा दाबून बघ, पू येतोय का. पू, ताप, थंडी यातलं काहीही असलं तर डॉक्टरांना लगेच कळव, रक्तात जंतू आहेत का ते बघायला ब्लड कल्चर लागेल, मग ते साधं फ्लेबायटिस राहत नाही. तसं काही नसेल तर त्या लालीसाठी वेगळं अँटिबायोटिक सहसा लागत नाही. हात उशीवर उंच ठेव, कोमट ओला शेक दे, पंधरा वीस मिनिटं, दिवसातून तीन चार वेळा. कोमट म्हणजे कोमटच, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ, डायबेटिसवाल्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना चटका कळत नाही आणि फोड येतात. मग डॉक्टरांना विचारून हेपरिनॉइड नाहीतर डायक्लोफेनॅकचं जेल, सुईच्या भोकावर नाही, शिरेच्या वरच्या कातडीवर हलक्या हाताने. चोळायचं नाही! आत गुठळी असते, नातेवाईक मायेने मालिश करत बसतात, त्यांनाही सांगून ठेव.

एक मात्र नीट बघ, हे फ्लेबायटिसच आहे ना. हात गार, फुगलेला, पांढरट आणि सलाईन हळू झालेलं असेल तर औषध शिरेबाहेर गेलंय, आणि ते औषध रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रिनलिन किंवा कॅन्सरच्या केमोचं असेल तर सरसकट शेक देऊ नकोस, प्रत्येक औषधाचा उपाय वेगळा असतो. तिथे सलाईन बंद कर, कॅन्युला घाईने उपसू नकोस, आधी डॉक्टरांना बोलव, कारण कधी कधी त्यातूनच औषध परत ओढून घेतात.

आता खरा प्रश्न, शीर सुजली कशामुळे. हे शोधलं नाहीस तर दुसऱ्या हातालाही दोन दिवसांत हेच होणार. कॅन्युला मनगटाच्या किंवा कोपराच्या घडीवर होती का, तिथे हात हलला की प्लास्टिक शिरेला आतून घासतं. शीर बारीक आणि कॅन्युला मोठी होती का, नुसत्या अँटिबायोटिकला निळी बावीस नंबरची बहुतेकदा पुरते, हिरवी अठरा कशाला. आणि औषध कोणतं, कारण माझ्या मते निम्मी भानगड तिथेच असते. व्हॅन्कोमायसिन आम्लधर्मी आहे, एक ग्रॅम कमीत कमी तासभर, आणि पाच मिलिग्रॅम प्रति मिलीपेक्षा घट्ट नको. फिट्सवरचं फेनिटॉइन उलट खूप अल्कधर्मी, पीएच १२ च्या आसपास असतो, ते फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, आधी आणि नंतर फ्लश मारून, म्हणजे सलाईनने नळी धुऊन. पोटॅशियम, अमिओडॅरोन, घट्ट डेक्स्ट्रोज, हे सगळे शीर जाळणारेच. असं औषध बरेच दिवस लागणार असेल तर राउंडला स्वतःहून विचार, सर पिक लाइन (दंडातून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब नळी) टाकायची का, यात लाजायचं काही नाही, पेशंटचा हात रोज आपणच बघतो.

बाकी कॅन्युला ७२ ते ९६ तासांनी बदलायचीच का, तर लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधल्या २०१२ च्या मोठ्या अभ्यासात ठरावीक दिवशी बदलणं आणि गरज पडल्यावर बदलणं, दोन्हीकडे फ्लेबायटिस ७ टक्केच आलं होतं. पण गरज पडल्यावर बदलायची तर दर शिफ्टला जागा बघायलाच हवी, पट्टी पारदर्शक हवी आणि त्यावर तारीख. तुमच्या हॉस्पिटलचा नियम असेल तो पाळ.

नवीन कॅन्युला शक्यतो दुसऱ्या हाताला, पुढच्या बाहूवर, आधी लावलेलं जंतुनाशक क्लोरहेक्सिडीन पूर्ण वाळू दे. आणि डिस्चार्जच्या वेळी पेशंटला सांग की सुई काढल्यावरही दोन चार दिवसांनी लाली येऊ शकते, वाढली किंवा ताप आला तर परत दाखवायला या, कडकपणा मात्र हळूहळू काही आठवड्यांत जातो. संध्याकाळचा डोस कसा दिलास आणि औषध कोणतं होतं ते लिही, मी रात्री बघते.