पखवाजाची धूम गाडीत का हरवते?

प्रश्न : कोथरूडला राहत्या घरी आमच्या भजनी मंडळाचे अभंग रेकॉर्ड करून मीच मिक्स करतो, तेही रात्री, सगळे झोपल्यावर. खोली दहा बाय दहाची. तिथे पखवाज भरदार लागतो. तेच भावाच्या गाडीत लावलं की पखवाज गायब आणि टाळ कानात घुसतात. ट्रेबल उतरवला तर गाणंच बोदं होतं. कुठे चुकतंय?

उत्तर : तुमची खुर्ची भिंतीला टेकलेली आहे का, ते आधी बघा. माझी होती. सदाशिव पेठेतल्या खोलीत दोन वर्षं मी भिंतीला पाठ लावून मिक्स केलं आणि माझा बास बाहेर गेला की रोडावायचा. एकदा पखवाज चालू ठेवून पाणी प्यायला उठलो. खोलीच्या मध्यावर धूम जवळजवळ नाहीशी झाली. दाराच्या कोपऱ्यात गेलो तर छातीत वाजली. फेडरला, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीला, मी हातही लावला नव्हता.

दहा फुटांत ५६ हर्ट्झच्या लाटेची बरोबर अर्धी लांबी मावते. तो सूर भिंतीपाशी फुगतो, मध्यावर पडतो. तुमची खोली चौरस, म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही त्याच सुराला फुगवतात. कान म्हणतो बास भरपूर आहे, आणि तुम्ही तो कमी करता. खुर्ची मागच्या भिंतीपासून पावणेचार फूट पुढे घ्या, स्पीकर कोपऱ्यातून काढा, मग पखवाजाचा फेडर नव्याने लावा. वादक डाव्या पुडीला कणीक लावून तो खर्ज मिळवतो. तो आपल्या हातून जाता कामा नये. त्याला जागा हवी म्हणून गायकाच्या ट्रॅकवरचा ८० हर्ट्झखालचा भाग कापा. तिथे गळा नसतोच, पंख्याची घरघर असते.

टाळांचं कारण रात्र. आवाज हळू असला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर दोन्ही कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. खर्जाची उणीव तुमच्या भिंतीने झाकली, वरची तुम्ही ट्रेबल चढवून भरलीत. आता तो सगळ्या गाण्याचा उतरवू नका, शब्दांची धार जाते. फक्त टाळांच्या ट्रॅकवर, जिथे टोचतं तेवढंच, दोन-तीन डेसिबल कमी करा. तेही सकाळी, ताज्या कानाने.

आणि गाडीत ऐकाल तेव्हा पार्किंगमध्ये, इंजिन बंद करून ऐका. कर्वे रस्त्यावर चालत्या गाडीत चाकांची घरघर पखवाज गिळते.